सातवी फुंक

१६ जानेवारी

प्रिय वहिनी,

घरच्या पत्त्यावर पाठवलेली माझी दोन्ही पत्रं जशीच्या तशी परत आली. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असं लिहिलंय, आणि अक्षर दादाचं आहे. नकारसुद्धा किती सुवाच्य लिहितो बघ! म्हणून हे पत्र तुझ्या तिकडच्या गणवेश शिवायच्या कारखान्यात, तिथल्या मास्तरांच्या नावे पाठवतेय. ते तुझ्या हातात न फोडता देतील असं धरून चालते.

सोबतच्या खोक्यात आपल्या मुंगीच्या श्वासाच्या औषधाच्या पंपाला लावायची दोन नळकांडी आहेत. पंप थेट तोंडात मारला तर निम्मं औषध जिभेवरच राहतं. नळकांडं लाव आणि तिला पाच श्वास सावकाश घेऊ दे. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढ, पण फडक्याने पुसू नकोस. तसंच वाळू दे.

इथे फाउंड्रीची, लोखंड ओतायची भट्टी बंद होऊन पाच महिने झाले. शाळेच्या खिडक्या पुसल्या की फडकं आता दुसऱ्या दिवशीही बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. भट्टी बंद पाडणाऱ्या आमच्या अहवालाबद्दल मोठ्या डॉक्टरांचं जिथे तिथे कौतुक चाललंय. सहा वर्षं, सहाशे मुलं, दोन शाळा, एक भट्टीजवळची, एक लांबची. भट्टीजवळच्या शाळेतल्या मुलांची फुफ्फुसं वयाबरोबर वाढायला हवीत तेवढी वाढत नाहीत, हे एकदाचं कागदावर सिद्ध झालं. मलाही एक फुलांचा गुच्छ मिळाला. ‘मुलांना फुंकायला लावणारी बाई’ म्हणून माझी ओळख करून दिली, आणि सगळे हसले.

मला हसू आलं नाही. भट्टी बंद झाली म्हणजे कंपनीने तिथलं काम उचलून नव्या जागी नेलं, आणि त्याच्यामागे दादाला, तुला, मुंगीला आणि धाकटीला. मुंगीचं औषधपाणी कंपनीच्या दवाखान्यातून होतं, तेव्हा दादाने नोकरी सोडावी असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? पुढे धूर आणि त्याच्या मागे आजारी पोरगी, अशी तुमची वरात निघाली. ती मी खिडकीतून पाहिली. खाली उतरायचा धीर झाला नाही.

मुंगी न्यूमोनियाने पडली तेव्हा दवाखान्यात तू मला विचारलं होतंस, “वन्सं, दरवर्षी तुम्हीच तिची छाती मोजत होतात ना? मग तुम्हाला कळलं कसं नाही?” तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. ते आता देते. निरोगी मुलीचा श्वास शंभर धरला, तर त्या वयाच्या, त्या उंचीच्या प्रत्येक मुलीचा आकडा त्या शंभराशी ताडून काढायचा. मशीनच्या नळीत निदान तीन चांगल्या फुंका मारून घ्यायच्या. जमल्या नाहीत तर आठपर्यंत संधी द्यायची, आणि त्यातली सगळ्यात चांगली धरायची. आकडा ऐंशीच्या खाली आला तर घरी पत्र जातं आणि पुढची तपासणी होते. न्यूमोनिया होण्याआधीच्या त्या चाचणीत मुंगीचा आकडा एक्क्याऐंशी होता. म्हणून पत्र गेलं नाही.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, वहिनी.

तुझी,
वन्सं


२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. मापाच्या कागदाच्या मागे एकच ओळ, ‘तिच्या आजाराआधीचे फुंकेचे कागद पाठवा, इथले सर्जन मागताहेत.’ वर मायना नाही, खाली सही नाही. तरी दिवसभर ती पर्समध्ये घेऊन फिरले.

सोबत कागद जोडलाय. त्यात तारीख, उंची, वजन आणि आकडा आहे. मूळ नोंदी मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात असतात, त्या काढायला अर्ज करावा लागतो, बरेच दिवस जातात. सर्जनना एवढं पुरेल असं वाटतं.

सर्जन कशासाठी मागताहेत ते तू लिहिलं नाहीस. लिहिशील का?

त्या चाचणीचा दिवस मला चांगला आठवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं ओळीने उभी होती. मुंगी नेहमीसारखी काहीतरी वाहून आणत होती. त्या दिवशी तिच्या दोन्ही मुठींत तुझ्या इथल्या जुन्या कारखान्यातली तुटकी बटणं होती, आणि ती ठेवल्याशिवाय नळी हातात घेता येईना. मी मुलांना सांगायचे, समोर मोठा ढग आहे समजा आणि तो एका दमात खिडकीबाहेर ढकला. मुंगी म्हणाली, “आत्या, ढग त्या लांबच्या शाळेवर गेला तर तिकडे पाऊस पडेल. मग त्यांना सुट्टी आणि आपल्याला नाही. असला ढग मी नाही ढकलणार.” सगळी ओळ खिदळली. मी रागावल्यासारखं केलं.

तिला त्या दिवशी सात फुंका माराव्या लागल्या. आधी जरा कंटाळली होती, एवढंच.

आदल्या संध्याकाळी मी तुमच्याकडे जेवायला होते, आठवतं? तू धाकटीला भरवत होतीस. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “ज्याच्या घरी तुमचं पत्र येतं त्याला साहेब बोलावून घेतात. परवा मला विचारलं, ती फुंकवाली तुझी बहीण का? मी हो म्हणालो, तर म्हणाले, मग तुझ्या घरी पत्र नसेलच यायचं.” मग ताटातच बघत म्हणाला, “माझ्या दारात ते पत्र आलं, तर त्याच्या मागोमाग तू येऊ नकोस.” तू विषय बदललास. मीही वाढून घेतलं.

हे आज का लिहितेय मला माहीत नाही. त्याचा फुंकांशी काही संबंध नाही.

तुझी,
वन्सं


११ मे

वहिनी,

काल आमच्या ऑफिसात तुमच्या सर्जनचं पत्र आलं. रीत म्हणून त्यांनी प्रत पाठवली होती, आभारासकट. मुंगीच्या उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग गेल्या महिन्यात काढला, हे मला असं कळलं, टपालावर शिक्का मारता मारता. त्यात एक वाक्य आहे, ‘आजारापूर्वीची क्षमता एक्क्याऐंशी टक्के असल्याने उर्वरित फुफ्फुस निरोगी गृहीत धरले.’ आणि खाली, ‘शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित सुधारणा नाही. सतत ऑक्सिजनची गरज.’

मी ते तीनदा वाचलं. मग संडासात जाऊन कडी लावून बसले.

मूळ नोंदी कपाटात नव्हत्या, वहिनी. त्या माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये होत्या. बटण दाबलं की छापून निघतात. अर्ज वगैरे काही लागत नाही. मार्चमध्ये मी ते बटण दाबलं नाही, कारण त्या कागदावर सातही फुंका दिसल्या असत्या.

पहिल्या सहा अशा होत्या: एकाहत्तर, एकोणसत्तर, बहात्तर, सत्तर, एकाहत्तर, अडुसष्ट. त्यातल्या पहिल्या तीन अगदी चांगल्या होत्या. तिसरीनंतर मी थांबायला हवं होतं. आकडा बहात्तर लिहायचा, पत्र टाकायचं, पोरीला डॉक्टरकडे पाठवायचं, इतकं साधं काम होतं. त्याच कामासाठी मला नेमलं होतं.

मी म्हणाले, “मुंगे, आणखी एक.”

सहावीनंतर ती म्हणाली, “आत्या, आता इथे टोचतंय.” तिने बरगडीवर बोट ठेवलं.

“एकच. शेवटची.”

“तू मघाशीपण शेवटचीच म्हणालीस.”

“आता खरंच शेवटची.”

सातव्या वेळी ती दमली होती. आधी थोडी फुंकली, अडखळली आणि मग जोर लावला. सुरुवात अशी चुकली की आकडा खोटाच फुगतो. मशीनला ते कळतं. लाल चौकट येते, ‘फुंक सदोष. नाकारायची?’ खाली हो आणि नाही. सहा वर्षांत मी शेकडो वेळा हो दाबलं असेल. त्या दिवशी नाही दाबलं. मुंगी नळी तोंडातून काढून खोकत होती. खोकता खोकता तिने विचारलं, “किती?”

“एक्क्याऐंशी.”

“बाबांना सांगू?”

“सांग,” मी म्हणाले.

दादाने त्या संध्याकाळी तिला खांद्यावर बसवून घरभर फिरवलं, हे तूच मला हसत सांगितलंस. आठ महिन्यांनी तिला न्यूमोनिया झाला.

मी स्वतःला काय काय समजावलं ते सांगत बसत नाही. बहात्तर आणि एक्क्याऐंशीत असं किती अंतर आहे, पत्र गेलं असतं तरी दादाने ते फाडलंच असतं, डॉक्टरांनी तरी काय दिलं असतं. यातलं एखादं खरंही असेल. पण मला त्या दिवशी मुंगीची काळजी नव्हती. मला तुमच्याकडचं जेवण तुटायला नको होतं. मला दुसरं घर नाही, वहिनी, तुला ते ठाऊक आहे. तुमच्या घरात माझी एक ठरलेली खुर्ची होती. ती राहावी म्हणून मी ते बटण दाबलं. आणि मार्चमध्ये पुन्हा तेच केलं, तेव्हा तर खुर्चीही उरली नव्हती.

सातही फुंकांचा कागद सोबत आहे. एक प्रत आज सर्जनना पाठवली. बैल गेला नि झोपा केला, असं तू म्हणशील. म्हण.

वन्सं


३ जून

वहिनी,

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसलेले होते, उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, “आणखी किती?”

“एकही नाही.”

“नीट आठव.”

“आठवायचं काय त्यात, सर? ती एकच माझी भाची होती.”

“मी मानतो,” ते म्हणाले. “पण माझ्या मानण्याला कोण मानणार?”

त्यांचा काही दोष नाही. दाबून टाकणारा माणूस असता तर सहाशेतली एक नोंद गुपचूप पुसून गप्प बसला असता. निष्कर्षाला त्याने केसाएवढाही धक्का लागत नव्हता. पण त्यांनी अहवाल छापणाऱ्यांना कळवलं, सरकारी खात्याला कळवलं आणि मला घरी बसवलं. मुंगीची सगळी वर्षं नोंदींतून काढून टाकली. तिचा क्रमांक दोनशे बारा होता. आता दोनशे अकरानंतर थेट दोनशे तेरा येतो.

पंधरा दिवसांत कंपनीच्या वकिलांचा कागद आला. भट्टीजवळच्या शाळेतल्या अठराशे चाचण्या एका बाईने घेतल्या, त्या बाईने खोटा आकडा नोंदवल्याचं स्वतः कबूल केलंय, तेव्हा अठराशेच्या अठराशे रद्द समजाव्यात. जुनी भट्टी पुन्हा चालू करायचा अर्जही त्यालाच जोडलाय.

गंमत बघ. मी आकडा खोटा लिहिला तो मुंगीची छाती चांगली दाखवायला. भट्टीच्या बाजूचं खोटं होतं ते. त्याच खोट्यावरून आता भट्टीविरुद्धची सतराशे नव्याण्णव खरी उत्तरं खोटी ठरणार. मी हे वकिलाला फोनवर म्हणाले. तो म्हणाला, “बाई, तुमचा मुद्दा फार चांगला आहे,” आणि फोन ठेवला.

मी परवा तिकडे यायला निघाले होते. स्टँडवरून परत फिरले. पुढच्या महिन्यात येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

वन्सं


२० जुलै

वहिनी,

तू दार उघडलंस. जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितेय, कारण जे बोलायला आले होते ते मी बोललेच नाही. जिन्यात तू बोललीस आणि मी ऐकून घेतलं. तेच बरोबर होतं.

तुमची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या, त्यावरून प्लास्टिक. टेबलाखाली घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मुंगीच्या नाकातली नळी मोरीच्या दारापर्यंत पुरते, गॅलरीपर्यंत पुरत नाही. धाकटी त्या नळीवरून उड्या मारत होती आणि तू दर मिनिटाला “नळी!” म्हणून ओरडत होतीस, इतकी सवयीने की तुला ते कळतही नव्हतं. मुंगी बटणं निवडत होती. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. तिची नखं निळसर झालीत. मी नखांकडे बघत होते आणि तिने ते पाहिलं.

“आत्या, तुझी नोकरी गेली ना? बाबा म्हणाले.” दर दोन शब्दांना ती थांबत होती.

“गेली.”

“मग आता मुलांना कोण फुंकायला लावतं?”

“कुणी नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग चार बटणं लावली आणि म्हणाली, “मला आवडायचं पण. माझा नंबर आला की सगळे बघायचे.”

तू चहाचे कप उचलून आत गेलीस.

जाताना तू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आलीस. मला वाटलं पोचवायला आलीस. तू सर्जनकडे तो सात फुंकांचा कागद घेऊन गेली होतीस, ते सांगितलंस. तू त्यांना विचारलंस, आकडा एवढा कमी आहे हे आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, “तर कदाचित थांबलो असतो. कदाचित नसतोही. फोटो बघितले, रक्त बघितलं, आकडाही बघितला. कशामुळे किती, ते मी आता कसं सांगू?”

आणि मग तू मला पहिल्यांदा अगं-तुगं केलंस. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“तोपर्यंत मी म्हणत होते, नशीब,” तू म्हणालीस. “नशिबाशी भांडता येत नाही, म्हणून रात्री डोळा तरी लागायचा. आता डोळे मिटले की तो कागद दिसतो, ऑपरेशनला संमती आहे म्हणून सही करायचा. ह्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं म्हणून मी केली. तू खरं सांगितलंस आणि मोकळी झालीस. मी काय करू त्या खऱ्याचं? कुठे ठेवू सांग ना! दोन खोल्यांचं घर आहे माझं.”

मी म्हणाले, “मी मोकळी झाले नाही, वहिनी.”

“ते तू बघ,” तू म्हणालीस. “पत्र लिहू नकोस. मास्तर आणून देतात तेव्हा सगळ्याजणी मशीन थांबवून माझ्याकडे बघतात.”

हे शेवटचं. तेवढंच सांगायचं होतं की तू म्हणालीस त्यातला एकही शब्द मला जास्त वाटला नाही.

वन्सं


२८ सप्टेंबर

वहिनी,

लिहू नकोस म्हणाली होतीस. मास्तरांनी मुंगीचं कळवलं, म्हणून लिहितेय. एकोणीस तारखेला, सकाळी, शाळेच्या वेळेला.

ते लिहितात की मुंगी आदल्या दिवशी दुपारी कारखान्यात यायचं म्हणून हट्ट धरून बसली होती, आणि दादाने तिला सिलिंडरसकट उचलून आणलं. मशीनच्या आवाजात ती हसत होती आणि तिचं हसू कुणाला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. त्यांनी हे मला का लिहिलं कोण जाणे. भला माणूस दिसतो.

मला कुणी बोलावलं नाही, ते बरंच झालं. बोलावलं असतं तर मी आले असते, आणि तुला माझ्याकडे बघावं लागलं असतं.

मी सबंध आठवडा काही केलं नाही. कुलूप लावून शाळेपर्यंत जाते आणि परत येते. शाळेतली पोरं अजून मला बघून गाल फुगवतात.

वन्सं


१४ डिसेंबर

वहिनी,

काल भट्टीच्या अर्जाची सुनावणी झाली. दादाने तुला सांगितलं असेल किंवा नसेलही. तो आता फारसा बोलत नाही असं मला दिसलं, म्हणून मी सांगते.

सरकारी कचेरीतली लांबोडकी खोली होती. एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला मोठे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मुलांच्या पाच-सहा आया. दादा कंपनीच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर होता. त्याला साक्षीला आणलं होतं. मुलीचा बाप म्हणून.

मला कंपनीच्या वकिलांनी उभं केलं. “दोनशे बारा क्रमांकाच्या मुलीची सदोष फुंक तुम्ही जाणूनबुजून ग्राह्य धरली, हे खरं?”

“खरं.”

समोरच्या टायपिस्ट बाईंनी ते टिपलं.

“मग बाकीच्या अठराशेंत अशा किती?”

“एकही नाही. मशीन आणा. प्रत्येक फुंक त्यात आहे, कुणालाही तपासता येईल.”

पण वकील तोवर खाली बसले होते. प्रश्न त्यांचा होता, उत्तराची त्यांना गरज नव्हती. टायपिस्ट बाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं, अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि बाईंनी हात मांडीवर घेतले. मोठे डॉक्टर उठून म्हणाले की त्या मशीनमधल्या नोंदी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या. त्याला दोन वर्षं लागतील, असं उत्तर मिळालं. तोवर जवळच्या शाळेचे आकडे बाजूला ठेवायचे. मग उरलं काय? लांबच्या शाळेतली मुलं ठणठणीत आहेत, एवढंच. ते कंपनीलाही मान्य होतं.

दादाला त्यांनी विचारलं, “अहवालातले आकडे खोटे असल्याने तुमच्या कुटुंबाचं नुकसान झालं, असं तुमचं म्हणणं आहे का?”

दादा खुर्ची मागे सारून उभा राहिला. मग म्हणाला, “मुलगी गेली.”

“हो किंवा नाही सांगा.”

“हो,” तो म्हणाला.

दुपारच्या चहाआधी परवानगी मिळाली. पहिल्या तारखेपासून भट्टी चालू.

बाहेर व्हरांड्यात दादा नळावर तोंड धूत होता. मी मागे उभी राहिले. त्याने बाहीला तोंड पुसलं आणि मला बघून म्हणाला, “बारीक झालीस.”

त्याने उघडा ठेवलेला नळ मी बंद केला.

“मला परत इकडे बोलावलंय,” तो म्हणाला. “तीच भट्टी, तीच पाळी. क्वार्टर मागच्या बाजूचं मिळेल, शाळेला लागून.”

“आणि वहिनी?”

“येईल की. नाही तर जाणार कुठे आम्ही?”

“दादा, मला—”

“नको,” तो म्हणाला. रागाने नाही, अगदी हळू. “तू आता काही बोलू नकोस. तू बोललीस की काहीतरी होतं.”

मग त्याने डबा उचलला आणि कंपनीच्या गाडीत जाऊन बसला.

तुम्ही पहिल्या तारखेला येणार, मी तीस तारखेला निघतेय. कुठे ते अजून ठरलेलं नाही. बाजारात समोरासमोर आलो तर तुला रस्ता बदलावा लागू नये, एवढं माझ्याने होईल. खोलीचं सामान फारसं नाही. ज्या खोक्यात मुलांनी काढलेली चित्रं होती ते मुख्याध्यापिकांना देऊन आले. त्यांनी ते कपाटावर टाकलं.

मागच्या बाजूच्या क्वार्टरची पश्चिमेची खिडकी उघडू नकोस. दुपारी वारा तिथून येतो. ओतकाम सकाळी असतं, तेव्हा धाकटीला अंगणात सोडायचं तर संध्याकाळी सोड. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल, त्याच शाळेत. तिथे आता तिला कुणी फुंकायला लावणार नाही. प्रयोगशाळेत बाकं भरून ठेवली आहेत.

म्हणून तू स्वतः शिकून घे. ती झोपली की अंगावरचं पांघरूण कमरेपर्यंत खाली कर आणि पोटाकडे बघ. एकदा वर, एकदा खाली, म्हणजे एक. पाच वर्षांची होईपर्यंत मिनिटाला चाळीस आणि त्यानंतर तीस, याच्या वर गेलं तर सकाळची वाट बघू नकोस, दादाची परवानगी मागू नकोस. बरगड्यांच्या खाली खळगा पडत असेल तर मोजतही बसू नकोस, उचल आणि चालू लाग. काट्याचं घड्याळ समोर ठेव. पूर्ण मिनिटभर मोज, वहिनी. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचा मोह होतो.

वन्सं